अग्निबाणाचे इंधन आणि यानाची ढाल

२५ जून २०२५ रोजी लखनौचे शुभांशू शुक्ला अंतराळस्थानकाकडे निघाले. पृथ्वीभोवती त्यांच्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर होता. या वेगाने लखनौच्या विकास नगरातून मुंबई गाठावयास तीन मिनिटेही लागणार नाहीत. तथापि ताऱ्यांच्या प्रवासाला हा वेग गोगलगायीचाच म्हणावा लागेल. सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. तेथे पोहोचण्यास १,६०,००० वर्षांहून अधिक काळ जाईल.

मग वेग का वाढवू नये? अग्निबाण मागे वायू फेकून पुढे सरकतो. परंतु पुढे जाळावयाचे इंधनही त्याला आरंभापासून वाहावे लागते. त्यामुळे फेकलेल्या वायूच्या वेगाइतका वेग मिळविण्यास निघतानाचे वजन अखेरच्या वजनाच्या २.७ पट लागते, दुप्पट वेगास ७.४ पट, तर दहापट वेगास तब्बल २२,००० पट! रासायनिक इंधनाचा वायू सेकंदाला फार तर साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. विद्युत्भारित कण फेकणारी यंत्रे याहून कितीतरी सरस खरी, पण त्यांचा रेटा कागदाच्या दोनचार तावांच्या वजनाएवढाच असतो.

समजा, प्रकाशाच्या दशांश वेग लाभला. त्या वेगात एक मिलिग्रॅम धूळ यानावर आदळली, तरी १०० किलोग्रॅम टीएनटीच्या स्फोटाएवढी ऊर्जा बाहेर पडेल. आजच्या यानांवर फ्रेड व्हिपल यांनी १९४७ मध्ये सुचविलेला पातळ पत्रा भिंतीपुढे लावतात. कण त्यावरच फुटून विखुरतो. एवढ्या वेगापुढे मात्र तो टिकणार नाही.

विश्वकिरणांपासून रक्षण करण्यास शिसे उत्तम, असे सहज वाटते. होमी भाभा आणि वॉल्टर हाइट्लर यांनी १९३७ मध्ये दाखविले की, वेगवान इलेक्ट्रॉन द्रव्यात शिरताच गॅमा किरण उपजतात, त्यांतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या, त्यांतून पुन्हा गॅमा किरण. अशी एका कणापासून वर्षावच सुरू होतो. विश्वकिरणांतील अणुकेंद्रेही शिशावर आपटून नवे कण उधळतात. त्यामुळे शिशाची पातळ ढाल प्रसंगी अपायकारकच ठरते. हायड्रोजनयुक्त पाणी किंवा पॉलिएथिलीन अधिक बरे.

पण पाणीही वजनदारच. चार मीटर व्यासाच्या, दहा मीटर लांबीच्या कोठडीभोवती एक मीटर जाडीचा पाण्याचा थर ठेवल्यास ते सुमारे २१३ टन भरते. वर सांगितलेल्या २२,००० पटीच्या हिशोबाने केवळ या पाण्यासाठी निघतानाचे वजन सुमारे ४७ लाख टन होईल, आणि त्यातून मिळणारा वेग सेकंदाला ४५ किलोमीटर, म्हणजे प्रकाशवेगाचा साडेसहा हजारावा भागही नव्हे.