तोफखान्याचा कप्तान आणि नागपूरचे चर्च

पवनी तालुक्यातील आसगावसारख्या भातशेतीच्या गावाचा नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथीड्रलशी काही संबंध असू शकेल, असे सहसा कोणास वाटणार नाही. चर्च म्हणजे साहेबाने आपल्या पैशाने आपल्यासाठी बांधलेली वास्तू, अशी सर्वसाधारण समजूत आहे. राज्याच्या जमाखर्चाकडे पाहिले म्हणजे ही समजूत फारशी टिकत नाही.

या चर्चचा अर्पणविधी 1851 साली झाला. आराखडा कोणा वास्तुशिल्पज्ञाचा नव्हता. मद्रास तोफखान्यातील कॅप्टन विंच यांचा होता. तोफेच्या पल्ल्याचे गणित करणाऱ्याने कमानीचेही गणित करावे, यात त्या काळी नवल नव्हते. कंपनी सरकारच्या मुलखात शिकलेला वास्तुशिल्पज्ञ दुर्मीळ होता. उलट तोफखान्याचे व इंजिनिअर दलाचे उमेदवार लंडनजवळील ॲडिस्कम येथील कंपनीच्या लष्करी विद्यालयात गणित, आरेखन आणि दुर्गरचना शिकत असत. कलकत्त्याचे सेंट जॉन्स आणि मद्रासचे सेंट अँड्र्यूज ही चर्चेही लष्करी अधिकाऱ्यांनीच रेखिली. नागपूरच्या चर्चचा विस्तार 1879 मध्ये बॉडली या नामांकित इंग्रज वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार झाला; मूळ रेघ मात्र तोफखान्याच्या माणसाची.

मद्रासचा तोफखाना नागपुरात कशासाठी? 1816 च्या तहान्वये भोसल्यांनी कंपनीची तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चापोटी दरसाल साडेसात लाख रुपये देण्याचे मान्य केले. पुढच्याच वर्षी सीताबर्डीची लढाई झाली आणि 1821 मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसली. 1829 च्या सुधारित करारात ही वार्षिक रक्कम आठ लाख ठरली. एवढा पैसा यायचा कोठून? भोसल्यांच्या राज्याची मुख्य मिळकत शेतसारा होती आणि वैनगंगेचे भातखोरे त्या राज्यात मोडत होते. फौज मद्रासची, हुकूम कलकत्त्याचा आणि भरणा रयतेचा, असा हा व्यवहार होता. चर्चच्या विटा-चुन्याचा खर्च कोणत्या खात्यातून झाला, हा प्रश्न निराळा. परंतु ज्या फौजेमुळे तोफखान्याचे अधिकारी या मुलखात आले, तिच्या पोषणात आसगावच्या बांधीतील धानाचाही वाटा होता, असे म्हणण्यास हरकत नाही. आणि 1851 साली गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. संस्थान खालसा झाले ते 1854 मध्ये.

फौजेच्या खर्चाने गाव उभे राहते आणि त्या आधारावरच ते लटकतही राहते. कामठीची लोकसंख्या 1881 मध्ये सुमारे 51 हजार होती. 1901 मध्ये ती 39 हजारांच्याही खाली गेली. रेल्वे आल्यावर व्यापाराचा ओघ नागपूरकडे वळला, छावणीतील पलटणीही कमी झाल्या. पण फौजेबरोबर दक्षिणेतून आलेली सगळीच माणसे परत गेली नाहीत. शिपाई, खानसामे, कारकून यांच्या कुटुंबांनी येथेच घरे केली. त्यांतील ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास हाच या चर्चच्या इतिहासाचा मोठा भाग होय. साहेबांच्या स्मृतिशिला हा लहान भाग. (हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने चालते ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, त्यांचा पंथ वेगळा. दोहोंची गल्लत सुशिक्षितही करतात.) 1903 मध्ये नागपूरचे स्वतंत्र बिशपक्षेत्र झाले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा पंथीय मंडळ्यांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना केली, ती याच कॅथीड्रलच्या आवारात. छावणीच्या अधिकाऱ्याने रेखिलेल्या वास्तूचे मालकपण तोवर कधीच एतद्देशीयांकडे आले होते.

त्याच सुमारास, 1969-70 मध्ये, आसगावच्या शेजारी पवनीला नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खाते यांनी उत्खनन करून प्राचीन स्तूप उजेडात आणला. ते कार्य थोरच. मात्र जमिनीखालच्या दोन हजार वर्षांसाठी जी आस्था दाखविली गेली, तिचा अंशही जमिनीवरच्या पावणेदोनशे वर्षांच्या वाट्याला येत नाही. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या चर्चमधील नोंदवह्या म्हणजे माणसांची नावे, वये आणि व्यवसाय सांगणारी साधने. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला छावणीतील रोजगार आणि स्थलांतर यांचा मागोवा त्यांतून घेता येईल. कंपनीच्या पाद्र्यांनी अशा नोंदींच्या नकला विलायतेस धाडल्या आणि त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेल्या आहेत. कामठीच्या एखाद्या कुटुंबाचा पणजोबा शोधायचा तर तो शोध सातासमुद्रापलीकडच्या कपाटात सुरू करावा लागतो.