जुने लष्करी जॅकेट स्कीइंगसाठी चालेल का?

“डॉक्टर, मिलिटरीचं जाड जॅकेट स्वस्तात मिळालंय. गुलमर्गला स्कीइंगला नेऊ का?” थंडीच्या दिवसांत हिमालयात निघालेले काही जण तपासणीला आले की असे विचारतात. याचे उत्तर जॅकेट किती जाड आहे यावर नाही, तर ते कशाचे बनले आहे यावर अवलंबून आहे.

खरा शत्रू ओलावा

स्कीइंग करताना किंवा चढ चढताना भरपूर घाम येतो. वारंवार पडल्याने बाहेरून बर्फही लागतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे ओले कापड अंगाला चिकटले की शरीर झपाट्याने गार पडते. त्यात वाऱ्याची भर पडते. तापमान उणे १० अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ते जवळपास उणे २० अंशांसारखे जाणवते. स्कीवरून उतरताना हा वारा तुमच्याच वेगाने तयार होतो.

कोणते जॅकेट कितपत उपयोगी?

- सुती मिश्रणाचे फील्ड जॅकेट (उदा. अमेरिकी एम-६५): वारा अडवते, पण भिजल्यावर जड होते आणि लवकर वाळत नाही. बर्फात टाळा.
- लोकरीचे: ओले झाले तरी थोडी ऊब टिकते. आतल्या थरासाठी ठीक, पण वजनदार.
- पिसांचे: कोरडे असेपर्यंत उत्तम, भिजल्यावर जवळजवळ निरुपयोगी.
- गोअर-टेक्ससारख्या जलरोधक कापडाचे: चांगले. मात्र जुन्या जॅकेटच्या शिवणीवरची पट्टी सुटलेली नाही ना, ते पाहा.

निघण्यापूर्वी घरीच बाहीवर पाणी ओता. थेंब ओघळून गेले तर ठीक. आत झिरपले तर ते जॅकेट फक्त हॉटेलवर घाला.

आणखी एक गोष्ट: झाडीत लपण्यासाठी बनवलेला रंग अपघातात शोधपथकालाही चटकन दिसत नाही. वरून भडक रंगाचे काहीतरी घाला.

ही लक्षणे ओळखा

शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. जोराची थरथर, बोलणे अडखळणे, तोल जाणे, गोंधळल्यासारखे वागणे ही त्याची लक्षणे. थरथर थांबली, पण माणूस सुस्त होत असेल, तर तो बरा होत नसून धोका वाढला आहे.

- आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडे पांघरूण घाला. डोके झाका.
- छाती-पोटाला ऊब द्या.
- पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम, गोड पेय द्या. दारू अजिबात नको.
- बधिर, पांढरी पडलेली बोटे चोळू नका, शेकोटीवर धरू नका.
- ताबडतोब वैद्यकीय मदत मिळवा.

आधी डॉक्टरांना कोणी भेटावे?

हृदयविकार, मधुमेह, दमा किंवा थायरॉइडची कमतरता असलेल्यांनी, बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांनी आणि थंडीत बोटे पांढरी-निळी पडणाऱ्यांनी जाण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

पैसे वाचवायचे असतील तर बाहेरचे जलरोधक जॅकेट भाड्याने घ्या. स्कीइंगच्या ठिकाणी ते सहसा मिळते. अंगालगतचा थर मात्र सुती नको. सुती बनियन घरीच ठेवा.