माहितीलाही बांध हवा

हिवरे बाजार हे नाव महाराष्ट्रातल्या वाचकाला नव्याने सांगावे असे राहिलेले नाही. नगर तालुक्यातले, पर्जन्यछायेतले हे लहानसे गाव. एके काळी दुष्काळ, पोटासाठी गाव सोडणारी माणसे आणि दारू यांसाठीच त्याची ओळख होती. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी असे एकेक नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. डोंगरउतारावर चर खणले गेले, बांध पडले, विहिरींना पाणी आले. पण मला या गावाची खरी करामत वाटते ती त्यानंतरची. पाणी आले म्हणून गाव ते वाटेल तसे उपसत सुटले नाही. किती पाऊस पडला ते मोजायचे, हाताशी किती पाणी आहे याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ठरवायचे. उसाला आणि केळीला मनाई; शेतीसाठी बोअर घ्यायलाही मनाई.

हे बघायला देशोदेशीची माणसे येतात. नगरहून अंतर ते काय, म्हणून मीही दोनतीनदा जाऊन आले. पाण्याचे सगळे बोलून झाल्यावर गप्पा नेहमीप्रमाणे मोबाइलवर घसरल्या, आणि एका वयस्क शेतकऱ्याने खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला.

“ताई, परवा मी ठिबकच्या नळ्यांचा भाव बघितला. तवापासून ह्याच्यावर जिथं जावं तिथं नळ्याच. नातू क्रिकेटचा स्कोअर बघतोय, तिथं बी नळ्या! ह्यांना सांगतं कोण?”

“आणि वर रोज म्हणतंय, अपडेट करा,” शेजारचे तात्या म्हणाले. “करायचं का न्हाई? आन् ह्यात तीन-तीन ब्राउझर हायती. ठेवायचा कोणता?”

हे तीन प्रश्न शहरातल्या शिकलेल्या घरांतही रोज पडतात. फक्त तिथे ते कुणी असे थेट विचारत नाही. दिसेल ते बटण दाबून आपण पुढे जातो.

तर आधी मुळापासून. ब्राउझर म्हणजे इंटरनेट नव्हे आणि गूगलचा शोधही नव्हे. ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेटवरची पाने बघतो ती खिडकी. १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत पहिली खिडकी घडवली. १९९४ साली नेटस्केप आला, १९९५ साली मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढची कितीतरी वर्षे आपल्या सरकारी संकेतस्थळांवर ‘हे पान एक्स्प्लोररमध्येच नीट दिसेल’ अशा अर्थाची पाटी असायची. मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या जूनमध्ये त्या एक्स्प्लोररला निरोप दिला. दरम्यान २००४ साली फायरफॉक्स आणि २००८ साली क्रोम आले होते, आणि आज बहुसंख्य फोनांवर क्रोमच असतो.

आता त्या नळ्यांचे कोडे. १९९४ साली नेटस्केपमधल्या लू माँटुली या अभियंत्याने ‘कुकी’ नावाची एक सोय काढली. दुकानदार आपल्या उधारीच्या वहीत खूण करून ठेवतो ना, तशी ही खूण. फक्त ती आपल्याच संगणकावर राहते. टोपलीत काय टाकले, कोणती भाषा निवडली, हे तिच्यामुळे संकेतस्थळाच्या ध्यानात राहते. इथवर सगळे सोयीचेच. पण पुढे जाहिरातदारांना कळले की, हजारो पानांवर आपली जाहिरात लावली तर प्रत्येक पानावर आपलीही एक खूण ठेवता येते. आठवडे बाजारात तुम्ही कांदे घेतले, मग औषधाच्या दुकानात गेलात, मग सोनाराकडे डोकावलात. आणि एक अनोळखी माणूस हातात वही घेऊन प्रत्येक ठिकाणी तुमच्यामागे उभा राहिला, तर तुम्ही त्याला हटकाल. इंटरनेटवर तो दिसत नाही, म्हणून कुणी हटकत नाही. नळ्यांची बातमी नातवाच्या क्रिकेटपर्यंत नेतो तो हाच वहीवाला.

नळ्यांनी काय बिघडते, असे कुणी म्हणेल. पण मनुष्य ब्राउझरमध्ये नळ्यांचेच भाव बघतो असे नाही. छातीत दुखते त्याचा अर्थ विचारतो. कर्ज थकले तर काय होते ते विचारतो. सातबारा उघडतो, मुलीच्या स्थळाची चौकशी करतो, शेजाऱ्याला सांगणार नाही ते त्या चौकटीत टंकतो. सगळे तुकडे एका वहीत उतरले की माणसाची नड लिहून तयार होते. आणि नड ठाऊक असलेल्या व्यापाऱ्यापुढे भाव पडतो, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे?

या वहीवाल्याला कोणत्या ब्राउझरने अडवले? सफारी आणि फायरफॉक्स यांनी. फायरफॉक्सने २०१९ साली अशा माग काढणाऱ्या खुणा आपणहून रोखायला सुरुवात केली. ॲपलच्या सफारीने २०२० साली परक्या संकेतस्थळांच्या सगळ्याच कुकी बंद केल्या. गूगलनेही २०२० च्या जानेवारीत, दोन वर्षांत क्रोममधून त्या हद्दपार करू, असे जाहीर केले होते. मुदत पुढे पुढे जात राहिली आणि २०२४ च्या जुलैमध्ये तो बेत गुंडाळला गेला. यात नवल नाही. ज्या कंपनीचा मुख्य धंदा जाहिरातींचा, तिनेच जाहिरातीचा पाट बुजवावा, ही अपेक्षा जरा जास्तच होती.

मग ‘इन्कॉग्निटो’ नावाची काळी खिडकी उघडली की झाले, असे पुष्कळांना वाटते. ती आपल्याच अंगणातली पावले पुसते, एवढेच. घरातल्या दुसऱ्या माणसाला तुम्ही काय पाहिले ते कळत नाही. पण ज्या संकेतस्थळावर गेलात त्याला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुमचे येणे-जाणे दिसतेच. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० साली गूगलवर खटला झाला आणि २०२४ साली तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी पुसण्याचे मान्य केले.

आपल्याकडचा धडा तर याहून जवळचा आहे. स्वस्त फोन आणि महाग डेटा अशा काळात खेडोपाडी यूसी ब्राउझर घराघरांत पोहोचला होता, कारण तो डेटा वाचवायचा. तो कसा? पान आधी कंपनीच्या यंत्रावर जायचे, तिथे दाबून लहान व्हायचे आणि मग फोनवर यायचे. म्हणजे पाणी वाचवतो म्हणून आपण मधे एक माणूस बसवला आणि सगळे पाणी त्याच्या अंगणातून येऊ लागले. २०१५ च्या मे महिन्यात टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने दाखवून दिले की, या ब्राउझरच्या चिनी आवृत्तीतून फोनची ओळख सांगणारे तपशील, आणि इंग्रजी आवृत्तीतूनसुद्धा शोधासाठी टंकलेले शब्द, पुरेशा संरक्षणावाचून बाहेर जात होते. २०२० च्या २९ जूनला भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपांमध्ये तो होता. पाच वर्षे हा अहवाल जगासमोर होता. गावच्या पारावर मात्र तो कुणी वाचून दाखवला नाही.

आता रोजच्या अपडेटबद्दल. क्रोमने २०२१ साली मोठ्या आवृत्त्यांचे अंतर सहा आठवड्यांवरून चारवर आणले. फायरफॉक्सने ते वर्षभर आधीच केले होते. मधल्या लहान दुरुस्त्या वेगळ्या. माणूस कंटाळतो यात त्याची चूक नाही. पण बांध घातलेल्या माणसाला एक गोष्ट चटकन कळेल. घूस बांधाला भोक पाडते. ते वेळीच बुजवले नाही तर एका पावसात बांध जातो. सुरक्षेचा अपडेट म्हणजे ते भोक बुजवणे. आणि यात एक मेख आहे. दुरुस्ती बाहेर पडली की भोक कुठे होते ते चोरालाही कळते. त्यामुळे ज्याने अपडेट केले तो सुटला, आणि ज्याने ‘नंतर बघू’ म्हटले त्याचा धोका उलट वाढला. म्हणून अपडेट टाळू नये. मात्र काही अपडेट भोक बुजवता बुजवता बांधाला नवा पाटही काढून देतात. नवी सोय येते आणि तिच्याबरोबर माहिती देण्याची नवी परवानगी. अलीकडे ब्राउझरमध्येच बसून पान वाचून दाखवणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस येऊ लागले आहेत. पान वाचायचे म्हणजे त्याला ते दिसणार. बँकेचे पान त्याला दाखवायचे की नाही, हे आपण ठरवायला हवे. दुरुस्ती लगेच घ्यावी, परवानगी वाचून द्यावी, एवढाच विवेक.

जुन्या फोनांचे दुखणे आणखी वेगळे. २०२५ साली क्रोमने अँड्रॉइड ८ आणि ९ वर चालणाऱ्या फोनांना नव्या आवृत्त्या देणे थांबवले. फोन चालतो, पाने उघडतात, पण भोके बुजत नाहीत. अशा फोनवर ज्याची दुरुस्ती अजून येते असा दुसरा ब्राउझर शोधावा. तोही न मिळाला तर त्या फोनवर बँक उघडू नये.

आता तात्यांचा तिसरा प्रश्न : ठेवायचा कोणता? दुकानात नावे पुष्कळ आहेत. पण क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंगचा ब्राउझर हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. विहीर एक, घागरी निराळ्या. घागरीला झाकण आहे की नाही, एवढा फरक उरतो. ब्रेव्हने वहीवाल्यांना रोखण्याचे झाकण बसवले आहे, क्रोमने ते आपल्यावर सोपवले आहे. आपल्या झोहोचा ‘उला’ही याच विहिरीचा, २०२५ च्या मार्चमध्ये सरकारने घेतलेल्या स्वदेशी ब्राउझरच्या स्पर्धेत झोहोच्या चमूला पहिले बक्षीस मिळाले. फायरफॉक्सची विहीर मात्र स्वतःची आहे. पण म्हणून त्यालाही डोळे मिटून गंडा बांधू नये. त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगलला शोधाचा मान दिल्याबद्दल गूगलकडूनच येतो, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ‘तुमची माहिती कधीच विकणार नाही’ हे जुने वचन त्याने आपल्या पानावरून काढले, तेव्हा केवढा गहजब झाला. विक्री या शब्दाची कायद्यातली व्याख्या फार व्यापक आहे, असा खुलासा त्यांनी केला. खुलासा पटो न पटो, चांगल्याचे चांगुलपणही दरवर्षी तपासावे लागते, हे खरे.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. कायदा कालव्याचे नियम करील; घरातली तोटी मात्र आपणच फिरवायची.

आमच्या घरी आम्ही हे हिवरे बाजारच्या क्रमाने ठरवले. पिण्याचे पाणी आधी : ज्या फोनवर जो ब्राउझर आहे त्याला सुरक्षेची दुरुस्ती वेळेवर मिळते का? मग जनावरांचे : न सांगता तो वहीवाल्याला अडवतो का? मग पिके : मराठी नीट दिसते का, आईला अक्षरे मोठी करता येतात का? वेग सगळ्यांत शेवटी. या क्रमात लेकीची पसंती बसेना. ती म्हणाली, “आई, कॉलेजची अर्धी कामं क्रोममध्येच नीट चालतात.” तिचेही खोटे नव्हते. मग सासूबाईंनीच तोड काढली. “आपण पिण्याचा हंडा वेगळा ठेवतो आणि धुण्याची बादली वेगळी. तसं करा की!” म्हणून आता बँक, सातबारा, दवाखाना यांसाठी फायरफॉक्स, त्यात दुसरे काही उघडायचे नाही. बाकी साऱ्या भटकंतीला क्रोम, आणि त्यात परक्या कुकी बंद.

एक नियम मात्र दोन्ही हंड्यांना लागू. परक्या संगणकावर, मग तो सेवा केंद्राचा असो की नातेवाइकाचा, ब्राउझरने ‘पासवर्ड जपून ठेवू का?’ असे विचारले की उत्तर ‘नको’. नगरमधल्या एका केंद्रात मी फॉर्म भरायला बसले, तर पासवर्डच्या चौकटीत माझ्याआधी येऊन गेलेल्या सहा-सात जणांची नावे रांगेने उभी! त्यातल्या कुणाला याची वार्ताही नसेल. त्यांनी घाईत ‘हो’ म्हटले होते, एवढेच.

दिवाळीपूर्वी घराची झाडलोट करतो त्या दिवशी ब्राउझरचीही सेटिंग्ज उघडायची, असे आम्ही ठरवून टाकले आहे. कोणाला काय परवानगी दिली आहे ते मोठ्याने वाचायचे आणि नको ती काढायची. गेल्या खेपेला सासूबाईंच्या फोनमध्ये २३ संकेतस्थळांना ‘सूचना पाठवा’ अशी मुभा निघाली. त्यांनी एकच ठेवली, पंचांगाची.