अडुळसा: बशीत आणि छातीत

कुंपणाला अडुळसा लावतात, कारण शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. आणि घरात कोणी खोकू लागले की त्याच कुंपणाची पाने तोडून रस मधातून देतात. या झुडपाची पाने ‘अँटिऑक्सिडंट’ आणि ‘जीवाणूरोधक’ असल्याचे आता प्रयोगशाळा सांगतात. ते खोटे नाही. पण अडुळशाची खरी किंमत त्या दोन शिक्क्यांत नाही. पहिल्या शिक्क्यामागच्या चाचणीत डीपीपीएच नावाच्या गर्द जांभळ्या द्रावणात पानांचा अर्क घालतात. पानांतली फिनॉलिक द्रव्ये त्यातल्या मुक्त मूलकांना शांत करतात आणि रंग पिवळसर पडतो. हा रंग चहाही उतरवतो, डाळिंबाची सालही. नळीत जे घडते ते शरीरात तसेच घडेल, असे मात्र नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन या नावाजलेल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या, तर फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला दिसला. तो निकाल १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या शिक्क्यामागच्या चाचणीत जीवाणू पसरलेल्या बशीवर अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवतात आणि भोवती पडलेले मोकळे रिंगण मिलिमीटरमध्ये मोजतात. अर्क बहुधा मिथेनॉलमधला, घरचा काढा पाण्यातला. शिवाय बशीतली तीव्रता काढा पिऊन रक्तात येणे जवळजवळ अशक्य.

मग पिढ्यान्‌पिढ्या आलेला गुण काय भ्रम होता? मुळीच नाही. पण त्या पिढ्यांनी अडुळसा दिला तो कफ सुटावा म्हणून, आणि नेमक्या त्याच वाटेने रसायनशास्त्राला घबाड मिळाले. पानांतल्या व्हॅसिसिन या अल्कलॉइडच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन हे कफ सुटवणारे औषध घडवले गेले. शरीरात त्यापासूनच अँब्रॉक्सॉल तयार होते. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ही नावे दिसतात. आजीबाईच्या बटव्याची याहून सज्जड साक्ष कोणती हवी? बशीतल्या चाचण्या निरुपयोगी आहेत, असेही नव्हे. स्वस्तात शेकडो वनस्पती चाळून पुढे कशाचा अभ्यास करावा, हे त्या सुचवतात. निकाल देणे हे त्यांचे काम नाही.

‘झाडपाला आहे, अपाय काय होणार?’ हा युक्तिवाद तर अडुळशापुढे टिकतच नाही. व्हॅसिसिन गर्भाशयाचे आकुंचन घडवू शकते, म्हणून गरोदरपणी हा काढा टाळावा. ‘जीवाणूरोधक’ या शिक्क्याचा धोका वेगळाच. त्यावर विसंबून महिनाभर काढा घेत बसलेला रुग्ण क्षयाचाही असू शकतो. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, तर थुंकी तपासून घ्यायला हवी. ती तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.