स्वतःचे मैदान उभारणारा खेळाडू : रूब फॉस्टर

क्रिकेट आपल्या घराघरात आहे. बेसबॉल हा अमेरिकेचा खेळ. क्रिकेटमध्ये जसा गोलंदाज, तसा बेसबॉलमध्ये पिचर. त्याचा चेंडू टप्पा न घेता थेट फलंदाजाकडे जातो. सामन्याची हार-जीत बरीचशी त्याच्या हातावर अवलंबून असते. अशाच एका पिचरची ही हकीकत.

अँड्र्यू फॉस्टर यांचा जन्म १८७९ साली टेक्सास राज्यातील कॅल्व्हर्ट गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम चौदा वर्षे झाली होती. वडील धर्मोपदेशक होते. मुलाने मात्र शाळा अर्धवट सोडून चेंडू हाती घेतला. रूब वॅडेल या नामांकित गोऱ्या पिचरला हरवले म्हणून 'रूब' हे टोपणनाव पडले, असे सांगतात.

१९०३ साली कृष्णवर्णीय संघांच्या अजिंक्यपदासाठी ते क्यूबन एक्स-जायंट्सकडून खेळले. संघाने जिंकलेल्या पाच सामन्यांपैकी चार फॉस्टर यांनी जिंकून दिले. पुढच्याच वर्षी ते फिलाडेल्फिया जायंट्समध्ये गेले आणि आपल्या जुन्या संघालाच त्यांनी धूळ चारली!

एवढा गुणी खेळाडू मोठ्या लीगमध्ये का नव्हता? कारण एकच, कातडीचा रंग. काळ्यांना घेऊ नये असा लेखी नियम कुठेच नव्हता. गोऱ्या मालकांनी आपसात तोंडी ठरवलेले होते. वाचकहो, न लिहिलेला नियम मोडणे सर्वांत कठीण असते. त्याविरुद्ध दाद तरी कुठे मागणार?

फॉस्टर दारात ताटकळत बसले नाहीत. १९११ साली त्यांनी शिकागो अमेरिकन जायंट्स हा संघ उभा केला. पण मैदान मिळवायचे, सामने ठरवायचे, तर गोऱ्या दलालांना पैसे मोजावे लागत. घाम काळ्यांचा, प्रेक्षक काळे आणि तिकिटाचा पैसा मात्र दुसऱ्याच्या गल्ल्यात! हा हिशेब फॉस्टर यांनी नेमका ओळखला. फेब्रुवारी १९२० मध्ये कॅन्सस सिटी येथे संघमालकांची बैठक भरली आणि आठ संघांची 'निग्रो नॅशनल लीग' स्थापन झाली. अध्यक्ष झाले फॉस्टर. आपल्याच संघाला झुकते माप देतात, अशी टीका त्यांच्यावर झाली. पण अडचणीतल्या संघांना ते पदरमोड करून मदतही करीत.

या ओझ्याने माणूस खचला. १९२६ साली त्यांचे मानसिक संतुलन बिघडले. त्यांना कॅनकाकी येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तेथेच ९ डिसेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी लीगही बंद पडली.

पण पेरलेले वाया गेले नाही. स्थापनेच्या आठ संघांतील कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून १९४५ साली जॅकी रॉबिन्सन खेळले आणि १९४७ साली तेच मोठ्या लीगच्या बंद दारातून आत गेले. मोनार्क्सला मात्र त्यांच्याबद्दल एक डॉलरही मिळाला नाही. खेळाडू जाऊ लागले, पाठोपाठ प्रेक्षकही गेले आणि काळ्यांचे संघ एकेक करून मिटले. दार उघडले, पण स्वतःचे घर मोडले. या विजयाची किंमतही विसरता कामा नये.

१९८१ साली फॉस्टर यांचा बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्या लीगला मोठ्या लीगचा दर्जा मिळाला. शंभर वर्षे उशिरा!

घरातल्या मुलांना ही हकीकत जरूर सांगा. चेंडू फेकणारे पुष्कळ झाले. ज्याने इतरांना फेकायला मैदान दिले, तो रूब फॉस्टर.