शेतीच्या इंजिनासाठीं हवेची गाळणी कशी निवडावी ?

इंजिनास घालावयाचें डिझेल आपण गाळून घेतों, वंगणाचा डबा झांकून ठेवतों. परंतु इंजिन जो पदार्थ सर्वांत अधिक खातें त्या हवेची फिकीर फार थोडे शेतकरी करतात. गेल्या कांहीं महिन्यांत आमच्याकडे दोन प्रश्न वारंवार आले. जुन्या इंजिनावरील तेलाची गाळणी काढून तिच्या जागीं कागदी गाळणी बसवावी काय, हा पहिला. घरच्या जुन्या जीपगाडीस पेठेंत मिळणारी चकचकीत, उघडी, शंकूच्या आकाराची गाळणी लावल्यास गाडीचा जोर वाढतो हें खरें काय, हा दुसरा. गाळणीस गॅरेजवाले एअर क्लीनर म्हणतात. दोन्ही प्रश्नांचें मूळ एकच असल्यामुळें त्यांचा विचार येथें एकत्र करतों.

प्रथम हवा किती लागते तें पाहूं. आपल्याकडे गांवोगांव ओळखीचें झालेलें किर्लोस्करांचें पांच अश्वशक्तीचें, एका सिलिंडरचें इंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ११० मिलिमीटर. म्हणजे एका धांवेंत अर्ध्या लिटरहून थोडी अधिक हवा मावते. मिनिटास १५०० फेरे होतात व दर दोन फेऱ्यांस एकदां हवा ओढली जाते, म्हणून मिनिटास ७५० वेळां. सिलिंडर कधींच पुरता भरत नाहीं. शेंकडा ८५ भरतो असें धरलें तरी मिनिटास साडेतीनशें लिटर, तासास एकवीस हजार लिटर आणि दहा तासांच्या पाळींत दोन लाखांवर लिटर हवा पोटांत जाते. तेवढ्याच वेळांत पुऱ्या भारावर डिझेल लागतें अदमासें बारा लिटर. अडीच लिटर मापाच्या सिलिंडरांचा ट्रॅक्टर २००० फेऱ्यांवर चालला, तर त्यास तासाला सव्वा लाख लिटर हवा लागते.

(किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालीं औंध संस्थानांतील कुंडलच्या माळावर आला तो लोखंडी नांगर करण्यासाठीं; इंजिनें करणारी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुढें १९४६ सालीं पुण्यास निघाली. पुष्कळ वाचक या दोहोंची गल्लत करतात, म्हणून हा खुलासा.)

आतां धुळीचा हिशेब करूं. रोटाव्हेटर चालतांना जेव्हां पुढचें कांहींच दिसेनासें होतें, तेव्हां त्या हवेच्या एका घनमीटरांत, म्हणजे हजार लिटरांत, एक ग्रॅमच्या आसपास धूळ असते. वरील ट्रॅक्टर अशा हवेंत दहा तास चालला तर सव्वा किलो धूळ गाळणीच्या तोंडाशीं येते. गाळणीनें शेंकडा ९७ धूळ धरली, तर उरलेली सुमारें ३८ ग्रॅम, म्हणजे सव्वातीन तोळे, इंजिनांत जाते. तीच गाळणी शेंकडा साडेनव्याण्णव धरणारी असेल, तर आंत जाते अर्धा तोळा. ९७ आणि साडेनव्याण्णव यांत फरक अडीचाचाच दिसतो. पण सिलिंडरच्या दृष्टीनें तो सहापटीचा आहे.

ही धूळ मऊ असते अशी कित्येकांची समजूत आहे. आपला मुलूख काळ्या कातळाचा. त्या कातळांतील स्फटिक ओतीव लोखंडापेक्षां कठीण असतात, आणि कातळ झिजून झालेल्या धुळींतही ते राहतात. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांमधील तेलाचा थर केसाच्या जाडीच्या दशांशाहूनही पातळ असतो. जे कण त्या थराहून किंचित् मोठे, तेच कानशीप्रमाणें घांसतात. परिणाम एका दिवसांत दिसत नाहीं. आधीं वंगण अधिक लागूं लागतें, मग ऑइल टाकीच्या नळींतून धूर निघूं लागतो, आणि हिंवाळ्याच्या सकाळीं इंजिन हँडल मारून दमवतें. तोंवर लायनर गेलेला असतो.

गाळण्या मुख्यतः दोन जातींच्या. तेलाच्या गाळणींत हवा मधल्या नळीनें खालीं उतरते, वाटींतील तेलावर आपटून एकदम उलट फिरते आणि तारेच्या ओल्या जाळींतून वर जाते. जड धूळ वळतांना तेलांत पडते व हलकी जाळीस चिकटते. ही गाळणी शेंकडा ९५ ते ९८ धूळ धरते. पण इंजिन पूर्ण वेगानें चालत असेल तरच. वेग कमी झाला कीं हवेचा मारा मंदावतो आणि बारीक धूळ निसटते. उलटपक्षीं हिच्यांत विकत घेण्यासारखें कांहीं नाहीं. कागदी गाळणी वेग कमी असो वा अधिक असो, शेंकडा ९९ हून अधिक धूळ धरते. परंतु कागद भरला कीं तो बदलावाच लागतो, आणि ओला झाला कीं निकामी होतो.

म्हणून निवड इंजिनाच्या जातीपेक्षां जागेवरून करावी, असें आमचें मत आहे. वाळवें, पलूस, मिरज या कृष्णाकांठच्या भागांत कोठें अजून डिझेलचा पंप असेल, तर तो मळईवर, हिरव्या उंसाच्या शेजारीं, एकाच वेगानें तासन् तास चालतो. तेथें तेलाची गाळणी उत्तम. ती काढून कागदी बसविण्यांत आम्हांस कांहीं लाभ दिसत नाहीं. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत मे महिन्यांत मशागत करणाऱ्या ट्रॅक्टरास मात्र कागदीच हवी, तीहि दुहेरी (आंत एक लहान सुरक्षेची गाळणी असलेली), आणि तिच्या डोक्यावर हवा गरगर फिरवून जाड धूळ बाहेर टाकणारी टोपी. पाटण व जावळीच्या उतारांवर चालणाऱ्या यंत्रास तेलाची वाटी कलंडण्याचें भय असतें, हेंहि ध्यानांत ठेवावें. हळदीचें पॉलिश करणाऱ्या ड्रमाशेजारीं किंवा मळणीयंत्रापाशीं उभ्या राहणाऱ्या इंजिनाचा शत्रु धूळ नव्हे, तर साल आणि भुसकट. तें जाळीस वा कागदास लेप देतें. तेव्हां गाळणी कोणतीहि असो, तिच्या तोंडाशीं बारीक जाळीचें टोपण घालून तें रोज झाडावें.

एका सिलिंडरच्या इंजिनावर कागदी गाळणी बसवावयाचीच असेल तर एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. असें इंजिन सतत हवा घेत नाहीं. चार धांवांपैकीं एकींतच सारी हवा गटकन् ओढतें. त्या क्षणीं प्रवाह सरासरीच्या कित्येक पट असतो. म्हणून सरासरीवर मोजून लहान गाळणी घेऊं नये. मोठीच घ्यावी, आणि जोडनळीचा व्यास मूळच्याहून तिळभरहि कमी नसावा.

जीपगाडीविषयीं. मूळच्या विलीस जीपवर तेलाचीच गाळणी असे, आणि ती धुळींतल्या लष्करी वापरासाठीं योजलेली होती. तिच्या जागीं उघडी शंकूची गाळणी लावली कीं आवाज मोठा होतो, आणि मोठ्या आवाजास लोक जोर समजतात. वस्तुतः ती बॉनेटखालची तापलेली हवा घेते. हवा दहा अंशांनीं तापली कीं सुमारें शेंकडा तीन विरळ होते. पंचवीस अंश अधिक तापलेली हवा घेणाऱ्या इंजिनास शेंकडा आठ हवा कमी मिळाली, तेथें जोर कोठून वाढणार? शिवाय हिच्या विरळ विणीच्या कापडांतून बारीक धूळ अधिक जाते. शर्यतीच्या गाडीचें इंजिन थोड्याच काळांत उघडून दुरुस्त करतात, त्यांस हें परवडतें.

गाळणी चांगली असूनहि नुकसान कसें होतें, याचा आमच्याच ट्रॅक्टरावरचा अनुभव सांगतों. घाईच्या दिवसांत एका दुकानांतून स्वस्त कागदी गाळणी आणली. ती मूळ गाळणीहून एका सुताएवढी आंखूड होती, म्हणून तिचें रबर डब्याच्या बुडास नीट टेकत नव्हतें. आम्हीं बाहेरून पाहून समाधान मानलें. हंगाम संपल्यावर नळी काढली, तों आंतल्या बाजूस धुळीची पिवळट रेघ! रिंगा व लायनर बदलावे लागले, आणि तो खर्च शंभर गाळण्यांच्या किंमतीहून अधिक झाला. तेव्हांपासून नवी गाळणी जुनीशेजारीं उभी करून उंची मोजल्यावांचून आम्ही बसवीत नाहीं, आणि दर महिन्यास नळीच्या आंत पांढरें फडकें फिरवून पाहतों.

गळती पाहण्याचा आणखी एक सोपा उपाय आहे. इंजिन मंद चालत असतां गाळणीच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरावी (हात लावूं नये). इंजिन गुदमरून बंद पडलें पाहिजे. तें तसेंच चालत राहिलें, तर हवा गाळणीस चुकवून दुसरीकडून येत आहे असें समजावें. बहुधा रबरी नळीस चीर असते किंवा क्लिप सैल असते.

तेलाच्या वाटींत खुणेइतकेंच तेल घालावें व तें इंजिनांत घालतों त्याच जातीचें असावें. अधिक घातल्यास तें आंत ओढलें जातें. डिझेल इंजिन त्यावरच चालूं लागून आवरेनासें होतें. तळाशीं बोटाच्या जाडीइतका गाळ सांचला कीं तेल बदलावें आणि जाळी रॉकेलांत वा डिझेलांत धुवावी, पेट्रोलांत कधींहि नव्हे. कागद मात्र कशांतहि धुवूं नये. तो आंतून बाहेर, दोन किलोच्या आंतल्या दाबाच्या हवेनें फुंकावा, नंतर अंधारांत आंत दिवा धरून छिद्र दिसतें काय तें पाहावें. सुरक्षेच्या लहान गाळणीस फुंकूं नये; ती बदलावयाचीच असते.

२००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत कृष्णा-वारणेकांठीं बुडालेल्या कित्येक इंजिनांच्या बाबतींत एक सावधगिरी लागते. पाणी ओसरल्यावर गाळणीची वाटी व नळी उघडून रिकामी केल्यावांचून हँडल मारूं नये. सिलिंडरांत पाणी असेल तर तें दबत नाहीं, आणि कनेक्टिंग रॉड वांकतो.

कागद केव्हां बदलावा हें ठरविण्यास महाग यंत्र लागत नाहीं. पारदर्शक रबरी नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वांकवून तींत अर्धें पाणी भरावें, एक टोंक गाळणीपलीकडच्या नळीच्या छिद्रास जोडावें, दुसरें मोकळें ठेवावें. इंजिन पूर्ण वेगानें व भारावर चालवावें. टर्बो नसलेल्या इंजिनांत दोन बाजूंच्या पाण्यांतील उंचीचा फरक पन्नास सेंटीमीटरांवर गेला कीं कागदाचें काम संपलें. टर्बो असल्यास ही मर्यादा सुमारें त्रेसष्ट सेंटीमीटर धरावी. मोजणी झाल्यावर तें छिद्र बूच मारून पक्कें बंद करण्यास मात्र विसरूं नये.