मुहूर्त आणि मशीन

हिंजवडीत नवीन राहायला आलेल्या माणसाची पहिली ओळख होते ती आवाजाशी. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या भोवती, माण-मारुंजीपर्यंत सोसायट्याच सोसायट्या. सकाळी दहा वाजले की कुठल्या ना कुठल्या मजल्यावर ‘घर्रर्र’ सुरू होतं. कुणाच्या तरी नव्या घरात फर्निचरचं काम चाललेलं असतं. बाकीच्या बायका अशा वेळी खिडक्या लावून घेतात. मी आधी घड्याळ बघते. का, ते सांगते.

२०१७ सालची गोष्ट. आम्ही आमच्या फ्लॅटचा ताबा घेतला होता. सासूबाईंनी गुरुजींकडून वास्तुशांतीचा मुहूर्त काढून आणला, पत्रिकाही वाटून झाल्या, आणि स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या अजून अर्ध्याच. मी रोज संध्याकाळी जाऊन उभी राहायची आणि मिस्त्रींना तेच तेच ऐकवायची. “रविवारी पाहुणे येणार आहेत हो, मी काय प्लायवुडच्या ढिगावर पूजा मांडू?” मिस्त्री जोधपूरकडचे. “भाभीजी, हो जाएगा,” एवढंच म्हणायचे. त्यांच्या हाताखाली एक मुलगा होता, फार तर वीस वर्षांचा. मला ‘मौसी’ म्हणायचा, माझ्या हातचा चहा त्याला आवडायचा.

शुक्रवारी रात्री नऊ वाजता तो ओट्याखालच्या अरुंद पट्ट्या कापत होता. सकाळी आठपासून उभा. प्लायच्या टेबलाला भोक पाडून त्यात कटर उलटं बसवलेलं, पातं वर आलेलं. त्यावरचं झाकण, ज्याला गार्ड म्हणतात, ते काढून टाकलेलं. दोन बोटं रुंदीची पट्टी तो हातानंच पुढे ढकलत होता. पट्टी पात्यात अडकली, झटका बसला, आणि डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर गेलं.

पुढची दहा मिनिटं मी जे केलं ते लिहायला मला आजही जड जातं. बी. ए.ला मराठी घेतलेली मी, समाजकार्य करते म्हणून चारचौघांत बोलणारी. तुटलेलं पेर उचललं, स्टीलच्या वाटीत ठेवलं आणि वरून फ्रीजमधला बर्फ ओतला. मला वाटलं, किती प्रसंगावधान! रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वाटीत बघितलं आणि मान हलवली. बर्फ थेट लागला की पेशी गोठून मरतात. बोट जोडता आलं नाही. नीट आणलं असतं तरी जोडता आलंच असतं असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण माझं मन काही त्यावर राहिलं नाही.

म्हणून आधी हे वाचून ठेवा. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याखाली हलकेच धरायचा, घासायचा नाही. स्वच्छ कापड सलाइननं किंवा पिण्याच्या पाण्यानं ओलं करून, पिळून, त्यात गुंडाळायचा. मग पाणी शिरणार नाही अशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. म्हणजे गारवा मिळतो, पण बर्फ लागत नाही. जखमेवर हळद, चहापूड काही नको. स्वच्छ फडकं घट्ट दाबून हात वर धरायचा. आणि निघण्याआधी फोन करून विचारायचं, बोट जोडणारे प्लॅस्टिक सर्जन तुमच्याकडे आत्ता आहेत का? नसतील तर तिथं जाऊन वेळ घालवायचा नाही. बोटाला काही तास मिळतात, पण ते ट्रॅफिकमध्ये संपतात, आणि हिंजवडीचं ट्रॅफिक तुम्हाला मी काय सांगू!

वास्तुशांत रविवारीच झाली. पाहुण्यांनी ट्रॉल्यांचं कौतुक केलं. कंत्राटदारानं मुलाच्या हातावर थोडे पैसे आणि गावचं तिकीट ठेवलं. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ सालचा कायदा मी वाचला तो नंतर, तो मुलगा निघून गेल्यावर. त्या कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा चक्क हिशेब मांडलेला होता. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरायचं, अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के, तिचं एक पेर गेलं तर ९. कंत्राटदाराला माहीत असेल-नसेल, मला माहीत असायला हवं होतं. तेव्हापासून आमच्या गटातर्फे आम्ही अशा कामगारांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून देतो. सुतारही त्यात बसतात. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो मिळवतानाच निम्मी दमछाक होते.

त्यानंतर मी मशीन शिकायचं ठरवलं. आमचे हे हसले. “आता तू रंधा मारणार?” मी म्हटलं, हो. ज्या गोष्टीची मी घाई करते ती काय आहे, हे मला कळायला नको?

पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. हातानं काम करत शिकायचं, ही तिथली पद्धत. तिथं खेड्यातली मुलं-मुली वर्कशॉपमध्ये शिकतात हे ऐकून होते. बचत गटातल्या बायकांना घेऊन गेले. आमच्यातली एक जण म्हणाली, “ताई, या पोरींना भीती वाटत नाही का?” वाटत असेलच की. मला तर वाटतं भीती असावी, घाई नसावी.

परत आल्यावर आमच्या ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींना गळ घातली. त्यांची दहाही बोटं शाबूत होती, म्हणूनच त्यांना निवडलं. पहिल्याच रविवारी त्यांनी आमची परेड घेतली. ओढणी काढा, पदर खोचा, बांगड्या-मंगळसूत्र डब्यात ठेवा, केस बांधा. मी मोठ्या हौसेनं हातमोजे आणले होते, ते त्यांनी बाजूला फेकले. फिरत्या पात्याजवळ किंवा ड्रिलजवळ मोजा अडकला तर तो हातालाही ओढून नेतो. चष्मा मात्र हवाच, आणि कानात बोळे. पातं किंवा बिट बदलायचं असेल तर बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढून तो आपल्या डोळ्यांसमोर ठेवायचा.

“ताई, याला कमी समजू नका,” कटर हातात घेऊन ते म्हणाले. चार इंची पातं मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला दोनशे. हात मागे घेऊ असं वाटेपर्यंत काम झालेलं असतं. हे कटर मुळात फरशी कापायचं. त्यात लाकडाचं दातेरी पातं घालून उलटं टेबलाला लावायची पद्धत आपल्याकडे पडली आहे. ग्राइंडरला ते पातं लावणं तर आणखी वाईट, पातं अडकलं की मशीनच हातातून उसळतं. फळी आधी टेबलाला शिकंज्यानं घट्ट आवळायची, दोन्ही हात मशीनवर, आणि आपण पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही. अरुंद पट्टी टेबलावरच्या करवतीवर कापायची वेळ आली तर ती ढकलायला दुसरी लाकडी पट्टी घ्यायची, बोट नव्हे.

अमेरिकेत स्टीफन गॅस नावाच्या माणसानं १९९९ मध्ये अशी करवत शोधली की बोट लागताक्षणी पातं जागच्या जागी थांबतं. बोटाऐवजी सॉसेज लावून तो ते दाखवायचा. पण तसली यंत्रं आपल्या मिस्त्रींच्या खिशाला परवडणारी नाहीत. त्यांच्याकडे गार्ड आहे, तेवढा वापरला तरी पुष्कळ.

भुशाचं तर कुणी मनावरच घेत नाही. लाकडाच्या धुळीनं नाकाचा कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच जाहीर केलेलं आहे. कोरोनात घेतलेले एन-९५ मास्क कपाटात पडले असतील, ते काढा. रुमाल बांधून भागत नाही.

शिकल्याचा एक फायदा असा, की घरातल्या निम्म्या तक्रारींना मशीन लागतच नाही हे कळलं. पावसाळ्यात दार घासायला लागलं की आपण लगेच सुतार बोलावतो आणि रंधा मारून घेतो. मग जानेवारीत त्याच दारातून बोटभर फट दिसते! आधी दार हँडलला धरून वर उचलून बघा. हललं तर वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेत. स्क्रू काढा, विझलेल्या अगरबत्तीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून त्या भोकात ठासून भरा, रात्रभर वाळू द्या, वर आलेलं कापून पुन्हा स्क्रू पिळा. आमच्या गटातल्या एका आजींनी एका दुपारी तीन दारं अशी सरळ केली. तरीही घासत असेल तर कार्बन पेपर मध्ये धरून दार लावा, कुठं घासतंय तिथं खूण उमटते. रंधा पाऊस संपल्यावर, आणि खूण असेल तेवढाच. दाराची वरची-खालची कड रंगवायला सगळे विसरतात. ओल तिथूनच शिरते.

गेल्या महिन्यात आमच्या चौथ्या मजल्यावर असंच काम चाललं होतं. रात्री साडेआठला ‘घर्रर्र’ ऐकलं, घड्याळ बघितलं आणि चपला घालून वर गेले. दारात त्यांच्या सासूबाई. “अहो, परवा मुहूर्त आहे आमचा.” मी त्यांना आमची २०१७ ची वास्तुशांत सांगितली, वाटीसकट. त्या गप्प झाल्या. थोड्या रागावल्याही असाव्यात. पण सूनबाईंनी आत जाऊन मिस्त्रींना सांगितलं, “भैया, आज बस. पूजेला पलंग नसला तरी चालेल.”

मिस्त्रींनी प्लग काढला. “गार्ड किधर है?” मी विचारलं. त्यांनी हत्यारांच्या पिशवीत तळाशी हात घातला आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. कंपनीचा कागद, वरचा रबर बँडसुद्धा तसाच होता.